दादांची गोळी कोणी बंद केली?

लातूर, ९ एप्रिल २०१६

आई, तुला लातुराहून जय भीम.

आठ दिवस पत्र टाळलं, खोटं कशाला बोलू. फोन केला की निवृत्तीकाकाच उचलतो, उदगीर जिल्हा कधी होणार तेच सांगत बसतो, तुला देतच न्हाई.

मी बरा हाय. टँकरवर लागलोय. पाण्याला शेवाळाचा घाण वास येतो, तरी लोक भांडून नेतात. आपल्या हिरीला पाणी हाय का?

तर मुद्दा. काकानं फुशारकीनं सांगितलं, "रिपोर्ट चांगला आला, तुझ्या दादांची गोळी बंद केली. कीड मेल्यावर फवारणी कशाला?" माझ्या बापाच्या जिवाशी खेळ! शिसारी आली मला, त्याची अन् मान डोलावणाऱ्या तुम्हा सगळ्यांची.

टँकर ज्या दवाखान्यात जातो तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पेशीला बाहेरून 'वाढ' असा निरोप आला तरच ती वाढते. दादांच्या रक्ताच्या पेशीतल्या जनुकांचे दोन तुकडे भलतेच जोडले गेले, म्हणून निरोप नसतानाही आतून 'वाढ, वाढ' अशी बोंब चालू. तोच ब्लड कॅन्सर. गोळी त्या बोंबलणाऱ्याचं तोंड दाबून धरते, मारत न्हाई. हात काढला की पुन्हा बोंब.

आजच गोळी सुरू कर. काकाला शिव्या मी देतो.

थांब, दार वाजलं. आई, दादाच आलेत! एकटे, एसटीनं, खांद्यावर पाण्याचा कॅन. "तुला प्यायला न्हाई म्हणं," म्हणाले. लई धापा टाकायलेत. कॅन उतरवला, तसाच त्यांना डॉक्टरीणबाईंकडं घेऊन निघालो.

तुझा संघपाल