हळद कुणीच दाबली न्हाई

ती. आईस,
इटलीहून वर्षाराणीचा शरणार्थ.

मी मजेत हाय. थंडी लई, पण तू दिलेली वाकळ पांघरते. इथं हरभऱ्याचं पीठ मिळतं, रविवारी पिठलं केलतं.

सध्या चर्चमधलं एक जुनं चित्र साफ करायला शिकतेय. येशूला क्रूसावरून खाली उतरवलंय, डोकं त्याच्या आईच्या मांडीवर. मेणबत्त्यांची काजळी पुसली, तसं बरगडीखालच्या जखमेचं रक्त ताजं दिसाया लागलं. माझ्या मनात आलं, एवढी माणसं जमलीत, पण हळद कुणीच कशी दाबली न्हाई?

आमी लहान असताना कडबाकुट्टीच्या मशीनीत बाबांचा हात सापडला, तेव्हा तू मूठभर हळद दाबून त्यांचं डोकं असंच मांडीवर घेतलं होतंस. तुझे डोळे आमाला दिसू नयेत म्हणून तोंड अंगणातल्या बेलाकडं फिरवलंस. चित्रातली आई बी तशीच दुसरीकडं बघती.

धाकट्या केदारनाथची परीक्षा झाली का? बेलाला यंदा लई पानं आलीत, ठाऊक हाय मला. महिनाभर व्हिडिओ कॉलवर बाबांची तब्येत विचारली की तू मोबाईल तिकडंच फिरवतेस.

पानं बघून झाली, आई. आता बाबांना दाखव.

तुझी,
वर्षाराणी