त्याच्या पाठीची सीट

ती. आईस, लांबूनच पाया पडतो.

मी बरा आहे. मी फक्त टायर बदलतो, गाडीत बसत नाही, तेव्हा उगाच घोर लावून घेऊ नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

मागच्या शर्यतीत आमचा एक ड्रायव्हर अपघातात गेला. लांबच्या शर्यतीत तिघं आळीपाळीने गाडी चालवतात, म्हणून प्रत्येकाच्या पाठीच्या मापाची वेगळी सीट असते. काल त्याची आई सामान न्यायला आली. सीटच्या खोलगट भागावरून हात फिरवत म्हणाली, "एवढासाच होता का रे तो?"

"सीट घट्टच ठेवतात, काकू."

मी उचलायला गेलो, तर तिने स्वतःच ती कडेवर घेतली आणि फाटकापर्यंत चालत गेली.

रविवारी पुन्हा शर्यत आहे. टीव्ही लावू नकोस. मीच फोन करीन.

तुझं शेंडेफळ