दुकानाचा हिशेब कोण लिहिणार

बाबा, परवा धाकट्याचा मुलगा आला होता. तुम्ही गेल्यावर जन्मलेला हा नातू. तुमचं सायकलचं दुकान आता तोच चालवतो. हिशेबासाठी कॉम्प्युटरवर कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, छोट्या दुकानाला परवडेल असं, हे विचारायला आला. "आत्या, पहिले हिशेब तूच लिवत होती ना," म्हणाला. मी त्याला एवढंच म्हटलं, सर्वांत साधं असेल ते घे, पण तुझ्या पोरीला त्यावर बसवू नकोस. तो हसला. "तिले कोन बसवते? ते तर पुन्याले शिकाले चालली." तो गेला, आणि मला जठारपेठेतलं आपलं स्वयंपाकघर आठवत राहिलं.

मी मॅट्रिक झाले तो उन्हाळा. अमरावतीच्या कॉलेजात नाव लागलं होतं, मुलींच्या वसतिगृहात जागाही मिळाली होती. आपण बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या दुसऱ्या वर्षी तुम्ही दुकान टाकलं होतं. भाड्याच्या चार सायकली आणि पंक्चरचं सामान. कोणती सायकल कोणी नेली, ते तुम्ही खडूने दारावर लिहायचात. मग टायर-ट्यूब विकायला लागलात आणि विक्रीकराचा माणूस येऊन सांगून गेला, दारावरचा खडू चालणार नाही, वह्या दाखवाव्या लागतील. तेव्हापासून तुमची झोप उडाली.

तुम्ही जुन्या शहरातल्या एका मुनीमाकडे गेलात. तो फिरून चार दुकानांचं लिहायचा. पगार परवडण्यासारखा होता. पण तुमच्या दुकानात बसणार नाही म्हणाला. आत यायचं नाही, वह्या माझ्या ओट्यावर ठेवून जात जा, असंही म्हणाला. तुम्ही घरी येऊन पाय धुतले आणि मायला म्हणालात, "पैशाचं जमलं असतं. पन कोनाच्या ओट्यावर काई ठेवून येनं आता आपल्याच्यानं होत नाई." मग एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या कचेरीतलं, विकायला काढलेलं बेरजेचं यंत्र पाहून आलात. त्याचा दांडा कसा फिरतो, ते लाटणं हातात घेऊन आम्हाला दाखवलंत. माय हसली. त्याची किंमत ऐकल्यावर हसायची थांबली.

ती भाकरी थापत होती, मी चुलीपाशी लाकडं सारत होते. तुम्ही माझ्याकडे न पाहता बोललात, "हे पोरगी लिवन ना हिशेब. गनितात हुशार हाय." माय म्हणाली, "अन् कालेज?" "फुडच्या वर्षी जाईन. कालेज कुठी पयून चाललं?" तव्यावरची भाकरी करपली, तेवढ्यावरून तुम्ही मायला रागावलात. मी चुलीत आणखी एक लाकूड सारलं. वसतिगृहाला नकाराचं पत्र तुम्हीच कोणाकडून तरी लिहवून पाठवलंत.

मी शिकले, बाबा. जमा आणि नावे, खरेदी-विक्री, सगळं एका जुन्या पुस्तकावरून. विक्रीकराच्या साहेबांनी वह्या चाळून विचारलं, कोण लिहितं? तुम्ही उभे राहून म्हणालात, "माई पोरगी, साहेब." तुमचा असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. त्या दिवाळीला तुम्ही जुन्या सुट्या भागांतून माझ्यासाठी लेडीज सायकल जोडलीत, हिरवा रंग दिलात, आणि ही भाड्याने जाणार नाही म्हणून गल्लीत सगळ्यांना सांगितलंत. मी ती रोज घर ते दुकान चालवली. पुढचं वर्ष आलं तेव्हा दुकानात सायकली वाढल्या होत्या. कॉलेजचं नाव तुम्हीही काढलं नाही, मीही नाही. मग धाकटा अमरावतीला कॉलेजात गेला. त्याची ट्रंक मीच भरली. लग्न होईपर्यंत मी दुकानातच होते.

मुनीम ओट्यावर थांबवतो आणि यंत्र आवाक्यात नाही, तेव्हा माणूस घरातल्याच कोणाकडे तरी बघणार. हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तुमच्यावर धड रागावताही आलं नाही, आणि राग गेलाही नाही. तुम्ही शेवटी दवाखान्यात होतात तेव्हा उशाशी बसून मी हे बोलणार होते. तुम्ही पाणी मागितलंत, मी पाणी दिलं.

मायला, नवऱ्याला, माझ्या मुलांना मी आयुष्यभर एकच सांगत आले, की मला दुकानाची आवड होती, मीच थांबले. हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही. मला जायचं होतं, बाबा.