पाढ्यांच्या चालीवर

आई,

तुझी नात आता युनिव्हर्सिटीत आहे, आणि ती जे शिकते आहे त्याला तिथे आजवर नावच नव्हतं. इथे पटवून देता आलं तर वेगवेगळ्या विभागांतले विषय जोडून आपली पदवी आपणच आखता येते. तिने भाषाशास्त्र, मेंदूचा अभ्यास आणि संगीत जोडलं. मी बँकेत हिशेब तपासणारी बाई, ऐकून मला धडकीच भरली.

तुला अर्धांगाचा झटका आला तेव्हा ती पहिलीत होती. सिंगापूरला, चोआ चू कांगच्या या फ्लॅटमध्ये तू आमच्याकडे राहायला आलीस त्यालाही फार दिवस झाले नव्हते. हात सुधारला, वाचा मात्र परतली नाही. हॉस्पिटलमधली थेरपिस्ट मनापासून शिकवायची, पण इंग्रजीत. तिला मराठी कुठून येणार? चित्रातल्या कपाकडे बघून तुझे ओठ हलायचे, शब्द यायचा नाही. मी घाईने तुझं वाक्य पुरं करायचे आणि तू चिडून चमचा आपटायचीस. जन्मभर वर्गात बोललेली बाई तू, दुसऱ्याने बोललेलं तुला कसं चालेल? मग ती सकाळ. मी पोळ्या लाटते आहे, पोरगी टेबलाशी तूच शिकवलेला पाढा घोकते आहे. ‘बे एके बे, बे दुणे...’ आणि अडकते. मागून तुझा आवाज येतो, ‘चार. बे त्रिक सहा.’ थेट ‘बे दाहे वीस’पर्यंत, एकदाही न अडखळता. माझ्या हातातलं लाटणं तसंच राहतं. दुसऱ्या दिवसापासून पोरीने त्याच चालीवर पाणी, चहा, खिडकी म्हणायला सुरुवात केली. ती घाई करायची नाही. तू जाण्याआधी काही मोजके शब्द तुला परत मिळाले होते, त्यातला सगळ्यात ठसठशीत होता ‘नको’.

ते तिच्या मनात एवढं खोल गेलं असेल, असं मला वाटलं नव्हतं. पहिल्यांदा तिचा पदवीचा आराखडा युनिव्हर्सिटीच्या समितीने परत पाठवला. ही नुसती आवडीच्या विषयांची मोट आहे, असं कुणीतरी म्हणालं. ती घरी आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तुझा जावई म्हणाला, “अगं, एक काहीतरी धर. दोन दगडांवर पाय ठेवून चालत नाही, तू तर तीन घेतलेस. उद्या नोकरी कोण देणार?”

“पप्पा, माझा विषय एकच आहे,” ती म्हणाली. “आजीला बोलता येत नव्हतं, पण पाढे म्हणता येत होते. व्हाय? कुठल्या एका डिपार्टमेंटला विचारू? दे ऑल नो ओन्ली वन पीस, लाह.”

  त्या रात्री जेवणं तशीच उरकली.

तिने तिन्ही विभागांतले निम्मे कोर्स काढून टाकले, दोन प्राध्यापकांना राजी केलं आणि पुन्हा गेली. या वेळी नकार आला असता तर नुसतं भाषाशास्त्र घ्यावं लागलं असतं. समितीतल्या एका वयस्क चिनी प्राध्यापकांनी विचारलं, यात संगीत कशाला? ती म्हणाली, “सर, सातचा पाढा म्हणाल?” इंग्रजीत ते दोनदा थांबले. मग हसले आणि लहानपणी शाळेत शिकलेल्या मँडरिनमध्ये चालीवर सरसर म्हणून गेले. तुझी हकीकत तिने त्यानंतर सांगितली. मंजुरी मिळाली, वर्षभराने पुन्हा तपासू या अटीवर. संध्याकाळी तिने फोन केला तेव्हा मी जुरोंग ईस्ट स्टेशनवर गाडी बदलत होते. भर गर्दीत मी मोठ्यांदा ‘शाब्बास’ म्हणाले, लोक वळून बघायला लागले.

नोकरीचं काय, हा प्रश्न अजून तसाच आहे. तुझ्या जावयाला रोज पडतो, मला अधूनमधून. पण ती आता झटका आलेल्या भारतीय म्हाताऱ्यांना भेटायला जाते आणि त्यासाठी मराठी नव्याने, नीट शिकते आहे. मी दिवसभर इंग्रजीत असते, दुकानात हिंदीत. तू गेल्यापासून मराठी बोलायला घरातली दोनच माणसं. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून सांगते. लिहिताना एका शब्दापाशी माझी गाडी अडली. खूप वेळ आठवला नाही, शेवटी तिला हाक मारून विचारला. तिने चटकन सांगितला. कोणता, ते मात्र तुला सांगणार नाही.