खालच्या कपाटावरचा फोटो

१२ ऑक्टोबर २०१४, रविवार. कावासाकी, जपान.

आज ह्यांचा फोटो एकदाचा बाहेर आला. निखिलकडे राहायला आले तेव्हापासून तो माझ्या साड्यांमध्येच गुंडाळलेला. भिंतीवर लावू म्हटलं की मुलाचं एकच, "आई, घर भाड्याचं आहे, खिळा मारता येत नाही. आणि मोठा भूकंप झाला तर काच डोक्यात पडेल." २०११ च्या मोठ्या भूकंपात तो इथेच होता, म्हणून मीही ताणत नाही.

दुपारी चहाला मी आर्मेनियातल्या जुन्या मठाचं वाचलेलं सांगत होते. भूकंपात घुमट पडला, लोकांनी पुन्हा बांधला. चर्चपुढे दगडी दालन, जाड खांब, छताच्या झरोक्यातून येईल तेवढाच उजेड. आणि तिथले सरदार पुरलेत कुठे, तर दालनाच्या फरशीखाली, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायाखाली!

सून हसून म्हणाली, "मग बाबांनाही खालीच बसवू की. तेही आपल्या घरातले सरदारच होते!"

मी चिडलेच. ह्यांचा फोटो काय गुडघ्याशी ठेवायचा? पण एवढे सरदार फरशीखाली राहिले, मग ह्यांनाच कसला कमीपणा? शेवटी निखिलने खिडकीजवळच्या बुटक्या कपाटावर तो चिकटपट्टीने घट्ट बसवला.

संध्याकाळी तिथेच चटईवर पुस्तक घेऊन बसले, तर ह्यांचे डोळे अगदी माझ्या डोळ्यांसमोर. पुण्याला फोटो दारावर होता, मान वर करून बोलावं लागायचं. मठाची दोन पानं मोठ्याने वाचून दाखवली. पूर्वी दर वाक्याला अडवणाऱ्या ह्यांनी एकदाही मध्ये तोडलं नाही. त्याची मात्र अजून सवय होत नाही.