माझ्या नावाने लिहिणारा

सोमवार, ३ तारीख

अक्का, आधी माफी मागतो. निघताना तू ही वही हातात दिलीस, रोज चार ओळी लिही आणि भरली की पोस्टाने पाठव, असं बजावलंस. लेकीकडे येऊन दहा दिवस झाले आणि पहिली ओळ आज लिहितोय. शिव्या घालशील, घाल. सातवीपुढे शाळा पाहिली नाही, त्यामुळे लिहायला बसलो की नेमकी हजार कामं आठवतात.

इथे सगळं छान आहे. माझी खोली वरच्या मजल्यावर, खिडकीखाली रस्ता. खाली पुढच्या खोलीत लेक-जावयाचं कुलपांचं दुकान. दारात गिऱ्हाईक कमी, कॉम्प्युटरवर जास्त. बेचाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केली आणि म्हातारपणीही कुलपांच्याच ढिगात येऊन पडलो. जावई म्हणाला, बरं झालं आलात, बाबा, एक पारख करायची आहे.

मंगळवार, ४

पारख कसली ते आज कळलं. लोक कॉम्प्युटरवर कुलूप शोधतात तेव्हा यांचं दुकान पार तळाला दिसतं. वर यायचं तर दुसऱ्यांच्या साइटवर आपले लेख छापून आणायचे आणि प्रत्येक लेखात एक लिंक ठेवायची. तिच्यावर बोट ठेवलं की माणूस थेट आपल्या दुकानात. चांगल्या जागांवरून अशा वाटा जितक्या येतील, तितकं दुकान वर चढतं.

लेक हे लेख स्वतः लिहिते. आठवड्याला एक, तोही रडतखडत. एक ठेकेदार आठवड्याला दहा द्यायला तयार आहे. काम बाहेर द्यायचं की घरातच ठेवायचं, ते मी सांगायचं! म्हटलं, मला यातलं काय कळतंय? लेक म्हणाली, "बाबा, कुलपातली खोट तुम्हाला नुसत्या आवाजावरून कळते. तसंच वाचा."

गुरुवार, ६

ठेकेदाराचे तीन नमुने आले. एकात लिहिलंय, कुलूप अडकलं तर स्वयंपाकाचं तेल घाला. घाला आणि बसा बोंबलत! महिन्याभरात धूळ चिकटून आत लगदा होतो. ज्या साइटवर छापणार ती पाहिली, तर तिथे कुलपाशेजारी दात पांढरे करायचं औषध. असल्या उकिरड्यावरून वाट आणून काय करायचंय? मी नको म्हटलं.

ठेकेदाराचं उत्तर तासाभरात, अगदी नम्र. म्हणे, आमच्याकडे अनुभवी माणसाचा आवाज नाही, तेवढाच कमी पडतो. बाबांचं नाव घालू द्या. त्यांच्या हातचं काही लिहिलेलं आणि एक फोटो पाठवा. माझ्याकडे या वहीखेरीज काय आहे? पहिली दोन पानं फोनवर काढून पाठवली, सोबत माझा फोटोही. खरं सांगतो, बरं वाटलं. माझं नाव छापून येणार.

शनिवार, ८

नवे लेख छापून आले, माझ्या नावाने, फोटोसकट. जागाही चांगल्या, घरबांधणीच्या, सुतारकामाच्या. वाचताना ऊर भरून आला. मीच बोलतोय असं वाटलं. मग चौथा लेख वाचला.

आमच्या धंद्यात एक नेम आहे. साबणावर उठवलेल्या किल्लीच्या छापावरून दुसरी किल्ली करायची नाही. कुलूप आणा, नाहीतर मालकाला आणा. मी तो एकदाच मोडला. त्या किल्लीने कोण कुणाच्या घरात शिरलं, त्या बाईचं पुढे काय झालं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. बायको गेली तिलाही नाही, तुलाही नाही.

ते सगळं लेखात आहे. साबण हिरवा होता, हेही.

अक्का, मी माझाच छाप कुणाच्या हातात दिलाय?

सोमवार, १०

एका बाईंचं पत्र आलं. काल येऊन कोठीचं कुलूप सोडवून दिलंत, आभार. चहा घेऊन तासभर गप्पा मारल्यात. हुबेहूब फोटोतल्यासारखे दिसता.

काल कंबर धरल्यामुळे मी दिवसभर पलंगावर होतो.

मी साफ सांगितलं, काम बाहेर द्यायचं नाही. जावई वैतागला. दुकान तळातून तिसऱ्या नंबरावर आलंय आणि आता नको कसं म्हणता? लेक म्हणाली, बाबांना विचारलंस ना, मग बाबांचं ऐक. त्याने माझ्यासमोर नकार पाठवला.

बुधवार, १२

नकाराला उत्तर आलं. सोबत माझीच चिठ्ठी. अक्षर माझं, ओळ खाली घसरत जायची सवयही माझी. 'काम बाहेर द्यावं. मी थकलो. यापुढे माझं सगळं तोच करेल.'

मी हे लिहिलेलं नाही. लेकीने चिठ्ठी पाहिली, मग मला पाहिलं. जवळ बसून हळूच म्हणाली, "बाबा, आठवत नाहीये का?" त्या हळू आवाजाचीच मला भीती वाटली.

लेख थांबलेले नाहीत. प्रत्येकात मी केलेली म्हणून एक दुरुस्ती. परवा शहराबाहेरचं गोदाम, काल बसस्टँडमागची शाळा, आज आमच्या कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान. सगळ्या वाटा कुठे येतात ते मला माहीत आहे. मीच होकार दिला होता.

गुरुवार, १३

औषधवाल्याने हात केला. सकाळी शटर मस्त बसवून दिलंत, काका, म्हणाला. मी घराबाहेर आज पहिल्यांदाच—

वाद घातला नाही. घरी आलो. लेकीला म्हटलं, माझ्यासारखा कुणी आला तर दार उघडू नकोस. ती रडली. जावयाने डॉक्टरांची वेळ घेतली.

शुक्रवार, १४

आजच्या लेखात मागचं दार आहे. आमचं. कडी अर्धीच बसते, खालून उचलली की बाहेरून निघते. जाऊन पाहिलं. खरं आहे.

दुरुस्त करायला हत्यारं काढली. लेक म्हणाली, सकाळी तर म्हणालात राहू दे म्हणून. मी सकाळी खाली उतरलोच नव्हतो.

तिला सांगून उपयोग नाही. मला जे माहीत, ते सगळं त्याला माहीत. मीच मी आहे हे पटवायला माझ्याजवळ वेगळं काहीच—

शनिवार, १५, दुपार

जावई माल आणायला गेलाय. लेक खाली एकटी.

एकटी नाही. हसतेय. कुणाला तरी बाबा म्हणतेय.

माझं दार बाहेरून लावलंय. हत्यारं खाली. बेचाळीस वर्षं दुसऱ्यांची दारं—

ओरडलो. लेकीने विचारलं, वर कोण ओरडतंय? खालून माझ्या आवाजात उत्तर आलं, कुणी नाही गं, तू बस.

वहीवर तुझा पत्ता लिहिलाय, वही खिडकीतून टाकतो, कुणीतरी पोस्टात— मिळाली की लगेच कळव, अक्का. पत्राने नको, पत्र तो वाचेल. लेकीला फोन कर. तू बोलताना मी वरून ओरडेन, तुला दोन आवाज ऐकू आले तर तिला सांग— लवकर सांग—

जिन्यावर पावलं. दोघांची. ती म्हणतेय, बाबा, किल्ली द्या, मी उघडते, तुम्ही मागे थांबा—

पोरी, त्याच्याकडे पाठ करू नको—