गाड्यासकट अकरा

३ फेब्रुवारी, सोमवार
लिहायला लावलं ते अवीने. धाकटा भाऊ असला तरी मसाल्याच्या कारखान्यात निम्मा मालक आहे, म्हणून ऐकावं लागतं. आज म्हणाला, डिझेल पिकअप नुसती असताना लिटरला साडेबारा-तेरा किलोमीटर द्यायची, मागे गाडा लागल्यावर अकराच्या आसपास, दिवाळीपासून तर साडेनऊवर आली. "एक तर रंजनाचा गाडा डिझेल पितो, नाहीतर ड्रायव्हर विलास पितो. काहीतरी एक बंद करायचं."
म्हटलं, पुरावा?
"तू बी.एस्सी. फिजिक्स ना? मग मोज महिनाभर. गाड्यासकट अकरा मिळाले तर गाडा राहील. नाहीतर एक मार्चपासून सोडवायचा."
ठीक आहे, मोजते. अवीचा तोंडी आकड्यांवर विश्वास नाही आणि माझा अवीच्या स्मरणशक्तीवर नाही. म्हणून रोज लिहायचं.

४ फेब्रुवारी, मंगळवार
रंजना आमच्याकडे सोळा वर्षं पॅकिंगला होती. मशीन आलं आणि बायका कमी केल्या. मशीन अवीने आणलं, बायकांना सांगायला मी गेले. त्यानंतर तिने पोळीभाजीचा गाडा काढला. दोन चाकांचा, पत्र्याचा, हलका. रिकामा असला तर दोन माणसं सहज ढकलतात. पण मुलुंडहून साकीनाक्यापर्यंत ढकलत नेणार कोण? विलास आमचा माल घेऊन अंधेरी-पार्ल्याला जातोच, तर गाडा पिकअपच्या मागे अडकवतो, साकीनाक्याला सोडतो, दुपारी येताना परत घेऊन येतो. टेम्पो भाड्याने घेतला तर तिच्याकडे फक्त पीठ लागलेले हात उरतील.
तेव्हा प्रश्न सरळ आहे. अकरा, किंवा रंजना घरी.
पद्धत: टाकी फुल टू फुल. म्हणजे दर शनिवारी टाकी काठोकाठ भरायची आणि जेवढं डिझेल मावलं त्याने आठवड्याच्या किलोमीटरना भागायचं. पंप एकच, भरताना मी हजर. नळी आपोआप बंद झाली की थांबायचं, गाडी हलवून आणखी कोंबायचं नाही. विलासला हे दोनदा सांगितलं.
"कळलं ताई. मी काय धान्य भरतोय, हलवून भरायला?"
देवगडचा माणूस. उत्तर तयार असतं.

८ फेब्रुवारी, शनिवार
पहिला आठवडा: ९.४.
विलासने टाकीचं झाकण लावलं. मग म्हणाला, "ताई, मी नाय पित."
"मी विचारलं का?"
"शेठ विचारतात. डोळ्यांनी."
विलासवर संशय नाही. तसं लिहून ठेवते.

११ फेब्रुवारी, मंगळवार
पंपावर ऐकलं की विलास आता डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलला टाकतो. मागे गाडा, पुढे पवईचा सिग्नल. बोलावून घेतलं. सांगितलं, गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तर इंजिनाला डिझेल जवळजवळ जातच नाही. न्यूट्रलला मात्र ते चालू राहण्यापुरतं पीत बसतं. म्हणजे वाचत काही नाही, वर मागचं वजन आवरत नाही ते वेगळंच.
"सगळे ड्रायव्हर असंच करतात ताई."
"सगळ्यांच्या मागे रंजनाचा गॅस सिलिंडर नसतो."
ते पटलं. फिजिक्स पटलं नाही, सिलिंडर पटला.

१५ फेब्रुवारी, शनिवार
१६.२.
भागाकार पुन्हा केला. १६.२.
नुसती पिकअप तेराच्या वर कधी गेली नाही. आणि मागे गाडा लावून सोळा? असं असेल तर उद्या दोन गाडे लावते, परवा चार, म्हणजे पंपावर जायचंच कारण नाही.
अवी खूश. "बघ, तुझा धाक. दोन आठवड्यांत चोरी बंद."
विलासला विचारलं, कसं काय? "गाडी खूश आहे ताई," असं तो समोरच्या काचेला म्हणाला.
रंजनाला फोन केला. "सोळा म्हणजे चांगलं ना मॅडम?"
"चांगलं आहे. खरं नाही."
 कढईत काहीतरी चरचरत होतं तेवढंच ऐकू आलं.
डिझेल चोरीला जातं तेव्हा आकडा खाली जातो. वर जाण्याला एकच कारण असतं. पण कोण आणि कुठे?

१७ फेब्रुवारी, सोमवार
कोणाला न सांगता रिक्षाने साकीनाक्याला गेले. गल्लीच्या तोंडाशी रसवंतीच्या आडोशाला उभी राहिले. या वयात हेरगिरी. गुडघ्यांना सोसत नाही.
गाड्यापाशी गल्लीतल्या वर्कशॉपवाल्यांची गर्दी चांगली. हात काळे, ताटं स्वच्छ. विलास पिकअप लावून जेवायला बसला. तेवढ्यात लेथ मशीनवाला नासिरभाई कॅन आणि नरसाळं घेऊन आला, पिकअपचं झाकण उघडलं आणि शांतपणे ओतायला लागला. बाजूला तीन-चार जण आरतीला उभे राहावेत तसे उभे.
मी मागे जाऊन विचारलं, "काय चाललंय?"
नासिरभाई दचकला. "काही नाही बाई. पाणी टाकतोय."
"डिझेलच्या टाकीत?"
विलासचा घास हातातच राहिला.
मग सगळं बाहेर आलं. अकराची अट विलासने त्यांना सांगितली होती. गल्लीतल्या प्रत्येकाच्या जनरेटरला डिझेल असतं, त्यातून थोडं थोडं काढून रोज दुपारी पिकअपला. वर्गणी.
नासिरभाई म्हणाला, "गाडा गेला तर आम्ही परत वडापाववर. दोन वर्षं झाली बाई, ॲसिडिटीची गोळी घेतली नाही. पोट बघा."
"तुमच्या पोटापायी माझा प्रयोग बिघडवलात. एकूण किती ओतलंत?"
"मोजलं नाही. प्रेमाने ओतलं."
"प्रेम लिटरमध्ये सांगा."
मागून कोणीतरी हसलं. हिशेब करून आकडा काढला, लिहून घेतला.
रंजना लाटणं हातात धरून: "मी नको म्हणत होते मॅडम. ऐकत नाहीत हे लोक."
"आणि मला का नाही सांगितलंस?"
"सांगितलं असतं तर तुम्ही थांबवलं असतं."
खरं आहे.
विलासला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "काढून घेतलं तर चोरी ताई. आम्ही तर घालत होतो."
"खोटा आकडा घातलास. तो माझ्या नावावर अवीकडे गेला." त्याने एक ताट पुसलं. मग विचारतो, "जेवणार?"
जेवले. मटकीचा रस्सा उत्तम. हे त्यांच्यासमोर बोलले नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
आज सकाळपासून पिकअपमध्ये मीच बसले. एलबीएस रोड खणून ठेवलाय. आरशातून मागचा गाडा दिसत होता, दमलेल्या म्हशीसारखा डुलत येत होता. हलका पत्र्याचा गाडा असा जड का चालतो?
साकीनाक्याला उतरून चाकाला हात लावला. चांगलंच गरम. अंगठ्याने दाबलं तर टायर आत गेला.
"विलास, दोन्ही पंक्चर?"
"नाय. मुद्दाम ठेवलंय."
"मुद्दाम?"
तो रंजनाकडे बघायला लागला. रंजना म्हणाली, "रस्सा सांडतो मॅडम."
दिवाळीच्या सुमारास रस्ता खणला. हवा भरलेला हलका गाडा खड्ड्यात उडतो आणि पातेल्यातला रस्सा जमिनीवर येतो. म्हणून दोघांनी मिळून चाकांची निम्मी हवा सोडली. गाडा लोळत येतो, रस्सा जागेवर राहतो. आणि ॲव्हरेजही दिवाळीपासूनच पडलं. पिकअपच्या चारही चाकांची हवा विलास दर सोमवारी बघतो. गाड्याला इंजिन नाही, म्हणून त्याची चाकं कुणाच्या हिशेबात नाहीत. माझ्याही नव्हती.
हवा गेलेली सायकल चालवून बघितलेल्या कोणालाही हे कळलं असतं. मी कॉलेजला सायकलनेच जायचे.
दोघांना रागवायला तोंड उघडलं आणि हसू आलं. विलासने ते पाहिलं, त्यामुळे रागवण्याचा उपयोग नव्हता.

१९ फेब्रुवारी, बुधवार
चाकांत पूर्ण हवा भरली. हवा मोजायचं मीटर विकत आणलं.
पवई येईपर्यंत अर्धं पातेलं गाड्याच्या फरशीवर. रंजना फडकं घेऊन पुसायला लागली. तेच जास्त लागलं.
साकीनाक्यावर आज सुकी भाजी. नासिरभाई: "बाई, तुमचं सायन्स बरोबर असेल, पण कोरडं आहे."

२० फेब्रुवारी, गुरुवार
तोडगा: रस्सा गाड्यात ठेवायचाच नाही. दुधाच्या घट्ट झाकणाच्या दोन बरण्या आणल्या. त्या पिकअपच्या हौद्यात, मसाल्याच्या खोक्यांमध्ये फडकी कोंबून घट्ट बसवल्या. एक थेंब सांडला नाही.
विलास सांगत होता, हौद्याला दिवसभर मटकीचा वास. पार्ल्याच्या दुकानदाराने खोकी हुंगून विचारलं, "हा कुठला नवीन मसाला? दोन डझन टाका."
अवीला सांगणार नाही. लगेच बनवायला काढेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार
टाकी फुल. इथून खरी मोजणी सुरू. नासिरभाईला त्यांचं डिझेल परत दिलं, त्याच कॅनमध्ये. घेईना. "दिलेलं परत घेत नाहीत बाई." मी उभीच राहिले. शेवटी घेतलं. माझ्याशी उभं राहण्याची स्पर्धा लोक सहसा करत नाहीत.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
गाड्याच्या छपरावरचा उभा फलक काढून समोर आडवा लावला. एवढ्या ट्रॅफिकमध्ये वाऱ्याचा अडथळा तो किती, पण रस्ता मोकळा मिळाला तर तेवढाच फायदा. विलास हळूच उचलतो, हळूच थांबतो. परीक्षेला बसल्यासारखा. मागचे हॉर्न मारतात. "मारू दे," म्हणतो, "हॉर्नला डिझेल लागत नाय."
रंजनाने विचारलं, "होईल ना मॅडम?" माहीत नाही म्हटलं. माहीत नव्हतंच.

१ मार्च, शनिवार
संध्याकाळी पंपावर तिघं होतो. रंजना कधी येत नाही, आज आली. नळी खट् करून थांबली. मी भागाकार केला.
१०.८.
पुन्हा केला.
विलास कागदावर वाकून: "अकराच म्हणायचे ना हे?"
"नाही."
"दुकानात दहा ऐंशीची वस्तू अकराला देतात."
"हे दुकान नाही."
रंजना पंपाच्या मीटरकडे बघत होती. "जे आहे ते लिहा मॅडम," म्हणाली.  पदर खोचला आणि बसस्टॉपकडे गेली.
साडेनऊवरून जवळजवळ अकरा. एवढं ओझं ओढून याहून जास्त ही गाडी देईल असं वाटत नाही. हे अवीला सांगेन. पण आकडा बदलणार नाही.


२ मार्च, रविवार
सकाळी अवीकडे गेले. सगळं सांगितलं: कमी हवा, रस्सा, बरण्या, सोळाचा खोटा आकडा आणि तो कसा आला. नासिरभाईच्या नरसाळ्यापाशी तो इतका हसला की चष्मा पुसावा लागला. मग कागद हातात घेतला आणि हसणं थांबलं.
"म्हणजे अकरा नाही."
"नाही."
"थोडक्यात राहिलं."
"राहिलं. पण विलासने काही प्यायलं नव्हतं. ते आधी त्याला सांग, मग गाड्याचं बोल."
तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता 'सोडवायचा' येणार. मी पिशवी उचलून तयार.
"विलासचा पाय जड आहे," म्हणाला. "पहिल्यापासून. मी चालवली तर अकरा देईल."
"तू?"
"कारखाना सुरू केला तेव्हा पिकअप कोण चालवत होतं?"
"तेव्हा मागे गाडा नव्हता. आणि पुढे तूही इतका नव्हतास."
ते त्याने ऐकलं नाही असं दाखवलं. "किती वाजता निघतात?"
"सहाला."
"सकाळी?"
"पोळ्या रात्री कोण खातं अवी?"
आठवडाभर स्वतः चालवणार म्हणे. मग ठरवू. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. विलास शेजारी बसेल आणि तोंड बंद ठेवेल, एवढ्या दोन अटी घातल्या. दुसरी अट विलासला जड जाईल.
घरी येऊन रंजनाला फोन केला. उद्या अवी गाडी आणणार. ती म्हणाली, "शेठ? मग रस्सा घट्टच करते."

तिथून निघताना अवीच्या हवाली केलं: पिकअपची किल्ली, गाड्याच्या हुकाची पिन, हवा मोजायचं मीटर, चारही आठवड्यांच्या आकड्यांचा कागद, १६.२ वर काट मारून. पोच म्हणून सही मागितली. म्हणाला, शनिवारी टाकी भरल्यावर करतो.